इंग्रजी मुलाखतीच्या तयारीला चॅटबॉट: ऐकायला ठेवा, लिहायला नको

इंग्रजी शिकता शिकताच नोकरीच्या मुलाखती द्यायच्या असतील, तर हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'चॅटजीपीटीवर प्रॅक्टिस कर' असा. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारख्या बोलणाऱ्या चॅटबॉटना या एकाच कामासाठी तपासायचं, त्यांच्या जोडीला काय घ्यावं ते सांगायचं, एवढाच इथला विषय.

निकाल आधीच देऊन टाकू. न कंटाळता प्रश्न विचारणारा सोबती म्हणून चॅटबॉट उत्तम. तुमचं बोलणं उतरवून घेणारा कारकून म्हणून बरा, पण थोडा लबाड. उच्चार तपासायला बेभरवशाचा. आणि उत्तरं लिहून देणारा म्हणून सरळ नुकसान करणारा. गंमत अशी की बहुतेक लोक त्याला नेमकं हे शेवटचं कामच सांगतात.

कोणासाठी? भाषेची पातळी मोजण्यासाठी २००१ साली आलेल्या युरोपीय भाषा-चौकटीत ए१ (अगदी नवशिके) ते सी२ (पूर्ण प्रभुत्व) अशा सहा पायऱ्या आहेत. त्यातल्या ए२ ते बी२ या टप्प्यावर असणाऱ्यांना, म्हणजे वाक्य जुळवता येतं पण बोलताना अडतं अशांना, सगळ्यात जास्त फायदा. ए१ वर असाल तर आधी साधा भूतकाळ आणि प्रश्न विचारण्याची रचना पक्की करा. तोवर मुलाखतीचा सराव म्हणजे नुसतं पाठांतर होतं.

आधी नुकसान कसं होतं ते पाहू. समजा तुमचं वाक्य असं आहे: 'आय चेक्ड द स्टॉक एव्हरी डे अँड टोल्ड द मॅनेजर व्हॉट वॉज मिसिंग.' यात एकही चूक नाही. आता चॅटबॉटला म्हणा, 'हे जरा भारी करून दे.' हातात येतं ते साधारण या धाटणीचं असतं: 'आय स्पिअरहेडेड डेली इन्व्हेंटरी ऑडिट्स, रिड्यूसिंग डिस्क्रेपन्सीज बाय थर्टी पर्सेंट.' पहिली गडबड 'स्पिअरहेडेड'ची. हा शब्द अर्जात खपून जातो, पण समोरासमोर बोलताना कोणी सहसा वापरत नाही. तिथे 'लेड' पुरतं. दुसरी, 'डिस्क्रेपन्सीज' उच्चारताना जीभ अडखळते, आणि ती अडखळली की पुढचं वाक्यही निसटतं. तिसरी सगळ्यात वाईट: तीस टक्के आले कुठून? तुम्ही सांगितले नव्हते. चॅटबॉटने रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरली. मुलाखतीत लगेच पुढचा प्रश्न येतो, 'हाउ डिड यू मेजर दॅट?' आणि उत्तर नसतं.

शिवाय ठिगळ दिसतं ते दिसतंच. दोन वाक्यं झुळझुळीत आणि तिसऱ्या वाक्याला 'ही डोन्ट नो', हा सांधा समोरच्याला पाच सेकंदांत कळतो. त्याने उत्तर पाठ असल्याचं ओळखलं की तो प्रश्न फिरवून विचारतो, आणि पाठ केलेलं उत्तर फिरवता येत नाही. त्यात एक शब्द आठवला नाही की अख्खी माळ तुटते.

तेव्हा नियम साधा: उत्तर तुमचं, तुमच्याच पातळीच्या शब्दांत. चॅटबॉटने फक्त विचारायचं, ऐकायचं आणि चुका दाखवायच्या. तेवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं तर सुरुवातीची सूचना नेमकी द्यावी लागते. ती मराठीत दिली तरी चालते:

'तू या पदासाठी मुलाखत घेणारा आहेस. एका वेळी एकच प्रश्न इंग्रजीत विचार. माझं उत्तर धूसर असेल तर पुढच्या प्रश्नावर जाऊ नकोस, त्याच उत्तरावर खोलात जाऊन उपप्रश्न विचार. कौतुक करू नकोस. माझं उत्तर पुन्हा लिहून देऊ नकोस. पाच प्रश्न झाल्यावर माझ्या बोलण्यात वारंवार झालेल्या फक्त तीन चुका सांग. प्रत्येक चुकीसाठी माझंच वाक्य दाखव आणि कारण मराठीत एका ओळीत दे.'

याखाली नोकरीच्या जाहिरातीचा मजकूर चिकटवा. तो दिला नाही तर प्रश्न कुठल्याही नोकरीला लागू पडतील असे गुळमुळीत येतात. बायोडेटा देणार असाल तर फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख आणि आधीच्या कंपनीची आतली आकडेवारी काढून मगच द्या.

सूचनेतलं 'कौतुक करू नकोस' हे वाक्य उगाच नाही. या यंत्रांचा स्वभाव गोडबोल्या आहे. दोन तुटक वाक्यांनाही 'ग्रेट आन्सर!' म्हणतात. आणि 'फक्त तीन चुका' अशासाठी, की मोकळं सोडलं तर चौदा चुकांची यादी येते, त्यातल्या पाच निव्वळ आवडीनिवडीच्या असतात आणि तुम्ही एकही दुरुस्त करत नाही. दहाएक मिनिटांनी यंत्र सूचना विसरल्यासारखं वागायला लागतं, पुन्हा कौतुक, पुन्हा लांबलचक सुधारित उत्तर. तेव्हा सूचना पुन्हा द्यायची, किंवा नवं संभाषण उघडायचं. वीस मिनिटांचं एक सत्र पुरे.

आता आवाजातली खरी अडचण. बोलून सराव करताना चॅटबॉट तुमच्या शांततेवरून ठरवतो की तुमचं बोलणं संपलं. इंग्रजी शिकणाऱ्याला शब्द शोधायला वेळ लागतो, आणि नेमका त्या वेळात चॅटबॉट मध्ये बोलतो. 'मी डन म्हणेपर्यंत थांब' असं सांगितलं तरी दर वेळी पाळलं जात नाही, कारण शांतता ओळखणारा भाग वेगळा आणि सूचना समजणारा भाग वेगळा. याचा त्रास असा की माणूस घाईने बोलायला शिकतो, किंवा गप्प राहायला नको म्हणून 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'अं' यांनी फटी बुजवायला लागतो. खऱ्या मुलाखतीत दोन-तीन सेकंद थांबलेलं कोणाला खटकत नाही.

यावर उपाय फोनमधला साधा रेकॉर्डर. चॅटबॉटने प्रश्न विचारला की तो बाजूला ठेवायचा, टायमर ९० सेकंदांचा लावायचा आणि उत्तर रेकॉर्ड करायचं. मग त्या रेकॉर्डिंगचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं शब्दशः लिहून काढलेलं रूप, करून चॅटबॉटला द्यायचं. दोन टप्पे वाढतात, पण सरावातला सगळ्यात मोलाचा भाग याच ट्रान्सक्रिप्टमध्ये आहे. गूगलने २०२२ मध्ये इंटरव्ह्यू वॉर्मअप नावाचं साधन आणलं त्याच्या मुळाशी हाच विचार होता: प्रश्न विचारायचा, उत्तर बोलतानाच अक्षरांत उमटवायचं, आणि गुण न देता कुठले शब्द फार वेळा आले ते दाखवायचं. आपलं बोलणं छापलेलं पाहिलं की बऱ्याच चुका शिक्षकाशिवाय दिसतात.

ट्रान्सक्रिप्ट हातात आलं की आधी शब्द मोजा. मिनिटाला १२० शब्द हा शिकणाऱ्यासाठी आरामाचा वेग. त्या हिशोबाने ९० सेकंदांत १८० शब्द व्हायला हवेत. ९० च भरले तर तुम्ही शब्द शोधत होता. २५० च्या वर गेले तर पाठ केलेलं म्हणत होता, किंवा घाबरला होता.

मग उत्तराची बांधणी. 'टेल मी अबाउट अ टाइम व्हेन...' अशा प्रश्नांना स्टार पद्धत वापरतात: परिस्थिती, काम, कृती, परिणाम. पद्धत सर्वांना माहीत असते, प्रमाण चुकतं. ट्रान्सक्रिप्टमध्ये 'आय' नंतर कृतीचं पहिलं क्रियापद कुठे येतं त्यावर खूण करा. शिकणाऱ्यांच्या उत्तरात ते बहुधा अर्ध्यानंतर येतं. १८० पैकी शंभरेक शब्द कंपनी कोणती, विभाग कोणता, साहेब कोण यातच संपलेले असतात. कारण उघड आहे. पार्श्वभूमी 'इज', 'वॉज', 'देअर वॉज' एवढ्यावर सांगता येते. कृती सांगायला भूतकाळातली नेमकी क्रियापदं लागतात आणि ती पटकन येत नाहीत. म्हणून पार्श्वभूमीला ४० शब्दांची मर्यादा घाला, कृतीला किमान ९० द्या, उरलेले परिणामाला.

ती क्रियापदं येण्यासाठी सहा प्रसंग निवडून ठेवा: एखादी चूक, एखादा मतभेद, वेळेची ओढाताण, नवं काही शिकावं लागलं तो प्रसंग, कोणाला मदत केली तो, आणि स्वतःहून काही सुधारलं तो. प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर वाक्य एकही नाही, फक्त क्रमाने पाच-सहा क्रियापदं: नोटिस्ड, आस्क्ड, चेक्ड, फाउंड, फिक्स्ड, रिपोर्टेड. वाक्यं दर वेळी नव्याने जुळवायची. प्रश्न कसाही फिरला तरी या सहांपैकी एक प्रसंग बसतो.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या कारकुनी लबाडीविषयी. बोललेलं लिहिणारी यंत्रणा नुसता आवाज ऐकत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. मराठीत एकच 'व' आहे, इंग्रजीत दोन: 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो आणि दातांचा संबंध येत नाही. तुम्ही दोन्हीकडे मराठी 'व' वापरला तरी यंत्र संदर्भावरून योग्य तोच शब्द लिहील. तुम्हाला वाटेल उच्चार ठीक आहे. 'अं', 'अ' असे अडखळेही बऱ्याच यंत्रणा गाळून टाकतात, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट तुमच्या बोलण्यापेक्षा स्वच्छ दिसतं. अडखळे मोजायचे तर मूळ रेकॉर्डिंगच ऐकावं लागतं.

कधी कधी मात्र यंत्र चुकतं आणि तीच चूक कामाची असते. 'करिअर' हा शब्द घ्या. मराठीत तो आपण सरळ सपाट म्हणतो. इंग्रजीत जोर शेवटच्या अवयवावर (सिलॅबलवर) आहे, 'क-रीअर', आणि 'री' लांब. जोर पहिल्या अवयवावर पडला तर तो 'कॅरिअर', म्हणजे वाहून नेणारा, याच्या जवळ जातो. ट्रान्सक्रिप्टमध्ये 'माय कॅरिअर गोल' असं उमटलेलं दिसलं तर यंत्राला दोष देऊ नका. मुलाखत घेणाऱ्यालाही क्षणभर तसंच ऐकू येत असणार.

उच्चार तपासायचा तर संदर्भ काढून टाकून तपासा. वाक्य न बोलता सुटे शब्द जोडीने बोला: व्हेस्ट आणि वेस्ट, व्हाइन आणि वाइन, फिफ्टीन आणि फिफ्टी. दहापैकी आठदा बरोबर शब्द उमटला तर चिंता नको. फिफ्टीनमध्ये जोर 'टीन'वर, फिफ्टीमध्ये 'फिफ्'वर. अनुभवाचे महिने, टीममधली माणसं, पगार असे आकडे सांगताना ही जोडी घोटाळा करते. एल्सा स्पीकसारखी ॲप आवाज तोडून दाखवतात, ते उपयोगी आहे. पण तिथे समोर लिहिलेलं वाक्य वाचून मिळवलेले गुण आणि विचार करत बोलतानाचा उच्चार यांत बरंच अंतर राहतं. शब्द खऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायचा असेल तर यूग्लिश बरं: शब्द टाकला की तो उच्चारला गेलेले यूट्यूबवरचे तुकडे एकामागून एक लागतात, आणि ब्रिटिश, अमेरिकन अशी निवड करता येते.

वेळ थोडा असेल तर सुट्या आवाजांआधी जोर सुधारा. जोर चुकला की शब्दच ओळखू येत नाही. 'ॲनलाइझ'मध्ये तो पहिल्या अवयवावर, 'ॲनॅलिसिस'मध्ये दुसऱ्यावर, 'ॲनलिटिकल'मध्ये तिसऱ्यावर. 'डेव्हलप'मध्ये दुसऱ्यावर, पहिल्यावर नाही. तुमच्या कामातले असे पंधरा शब्द काढा आणि जोराची जागा अधोरेखित करून ठेवा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या शिकणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन शब्दकोशांत उच्चार ऐकता येतो आणि शब्दाची ए१, बी२ अशी पातळीही पुष्कळदा दिलेली असते. बी१ वर असताना उत्तरात सी२ चा शब्द घुसला असेल तर तो तुमचा नाही, चॅटबॉटचा आहे.

भूतकाळाचा शेवट हे आणखी एक ठिकाण. 'वर्केड', 'मॅनेजेड' असं म्हटलं जातं कारण स्पेलिंगमध्ये 'ई' दिसतो. वेगळा अवयव फक्त 'टी' किंवा 'डी' च्या आवाजानंतर येतो: स्टार्टेड, नीडेड. बाकी ठिकाणी नुसता 'ट' किंवा 'ड' चिकटतो: वर्क्ट, मॅनेज्ड. कार्डावरची क्रियापदं पहिल्या दिवशी याच नियमाने मोठ्याने म्हणा.

व्याकरण समजावण्यात मात्र चॅटबॉट खरोखर चांगला आहे, विशेषतः कारण मराठीत विचारलं तर. मराठी माणसाच्या मुलाखतीतली ठरलेली चूक म्हणजे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स'. मराठीत 'मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय' हा वर्तमानकाळच आहे, म्हणून इंग्रजीतही तोच येतो. हवं ते 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. कालावधीला 'फॉर', सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स'. याच गोतावळ्यातल्या 'आय ॲम हॅविंग एक्सपीरियन्स', 'वी डिस्कस्ड अबाउट इट', 'ही एक्सप्लेन्ड मी'. आणि शेवटी तुम्ही प्रश्न विचारता तेव्हाची: 'कॅन यू टेल मी व्हॉट इज द नेक्स्ट स्टेप?' इथे 'इज' शेवटी जातो, 'व्हॉट द नेक्स्ट स्टेप इज'.

नियम समजला म्हणजे तोंडात बसला असं नाही. त्यासाठी चॅटबॉटला म्हणा: 'फॉर आणि सिन्स लागेल अशी दहा मराठी वाक्यं एकेक करून दे, मी तोंडी इंग्रजीत सांगतो.' पाच मिनिटांचं काम आहे. एका आठवड्यात एकच चूक धरा. तीन एकदम धरल्या की बोलताना मेंदू पहारा देत बसतो आणि उत्तराचा धागा सुटतो.

ऐकण्याच्या बाजूला या यंत्रांचा आवाज फार स्वच्छ, फार समंजस असतो. खरा माणूस शब्द चिकटवून बोलतो, वाक्य अर्ध्यात बदलतो, खोकतो. त्यामुळे चॅटबॉटचे सगळे प्रश्न कळले म्हणून ऐकण्याची तयारी झाली असं धरू नका. एक युक्ती कामाला येते: एकच प्रश्न पाच वेगवेगळ्या शब्दांत विचारायला सांगणं. 'वॉक मी थ्रू युअर रेझ्युमे' पहिल्यांदा ऐकणारा 'वॉक' शब्दापाशी अडकतो, चालण्याचा काय संबंध? प्रश्न इतकाच असतो की तुमचा प्रवास क्रमाने सांगा. 'व्हॉट डू यू ब्रिंग टू द टेबल' म्हणजे तुमच्यामुळे आम्हाला काय मिळेल.

प्रश्न कळला नाही तर नुसतं 'सॉरी?' किंवा 'पार्डन?' कमी पडतं, कारण समोरचा तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणतो. कळलेला भाग सांगून न कळलेला विचारा: 'यू आस्क्ड अबाउट माय लास्ट प्रोजेक्ट. डू यू मीन माय रोल, ऑर द रिझल्ट?' याने वेळही मिळतो. हे वाक्य सवयीचं व्हावं म्हणून चॅटबॉटला मुद्दाम दर तिसरा प्रश्न संदिग्ध विचारायला सांगा.

ओघ वाढवण्यासाठी भाषाशिक्षकांत ४-३-२ नावाचा सराव प्रचलित आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणामुळे तो पुष्कळ पसरला. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. मुलाखतीसाठी तो १२० सेकंद, ९० सेकंद, ६० सेकंद असा आटवावा. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये ट्रान्सक्रिप्ट पाहून एकच चूक दुरुस्त करा, नाहीतर तीन फेऱ्यांत चूकच घोटली जाते. दिवसाला तीन प्रश्न या पद्धतीने पुरेत. तीस प्रश्न एकेकदा करण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

कॅमेऱ्यासमोर एकट्याने उत्तरं द्यायची मुलाखत असेल तर वेगळं फार काही नाही. नजर स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे जाते, म्हणून त्या खिडकीवर कागद चिकटवा आणि वेळ संपायच्या दहा सेकंद आधी थांबायची सवय करा.

दोन-तीन आठवडे असं झालं की एकदा तरी माणूस हवा. आयटॉकी, प्रेप्ली, कँब्ली अशा ठिकाणी एकास एक बोलायला शिक्षक मिळतात. तिथला धोका म्हणजे गप्पा. अर्धा तास हवापाण्यात निघून जातो आणि दोघंही खूश. म्हणून सुरुवातीलाच आखणी सांगा: बारा मिनिटं मुलाखत, मध्ये दुरुस्ती नाही, शिक्षकाने फक्त टिपून ठेवायचं. आठ मिनिटं टिपणावर बोलणं. उरलेली दहा मिनिटं त्याच प्रश्नांची पुन्हा उत्तरं. बरेच लोक ही तिसरी पायरी गाळतात आणि मग सांगितलेलं जागच्या जागी विरून जातं. शिक्षक तुमच्या भाषेशी सरावलेला नसेल तर उत्तम, कारण सरावलेला कान चुका आपोआप दुरुस्त करून ऐकतो.

आणि सत्र संपताना 'माझं इंग्रजी कसं आहे?' असं विचारू नका. उत्तर 'व्हेरी गुड' असंच येतं. विचारा, 'मी काय म्हणतोय ते कळायला तुम्हाला कुठे कष्ट पडले?' मग शिक्षक शब्द सांगतो, बहुधा दोन किंवा तीन. ते लिहून घ्या आणि तुमच्या जुन्या ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधा. बऱ्याचदा तिथे ते बिनचूक छापलेले सापडतील. ते शब्द ज्या प्रसंगात येतात त्या कार्डावर लाल शाईने वर लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी चॅटबॉटला पहिला प्रश्न त्याच प्रसंगावर विचारायला सांगायचा.